रिसेल फ्लॅट आवडलाय, पण इमारत सोसायटी नाही, 'कंडोमिनियम' आहे. घेण्याआधी काय काय बघावं?

मृद्गंध_२
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं पुण्यात रिसेल टू बीएचके शोधतोय. कोथरूड, वारजे, औंध सगळं पालथं घालून झालं आणि आता बाणेरमधला एक फ्लॅट मनापासून आवडलाय. पाचवा मजला, दोन्ही बाजूंनी हवा, लेकीची शाळा जवळ, सासूबाईंना लिफ्ट. इमारत दहाएक वर्षांची असेल. किंमत आमच्या बजेटच्या थोडी वर जातेय पण ओढाताण करून जमेल.
अडचण अशी की कागद मागितले तर शेअर सर्टिफिकेट नाहीच म्हणे, 'डीड ऑफ अपार्टमेंट' आहे, आणि इमारत सोसायटी नसून अपार्टमेंट कंडोमिनियम आहे. एजंट म्हणतो, "ताई, काही फरक नसतो हो, सोसायटीच समजा." माझे बाबा म्हणतात सोसायटी नसेल तर हात लावू नकोस. आणि टोकन द्या टोकन द्या असा तगादा चाललाय, दुसरी पार्टी तयार आहे म्हणे.
तर प्रश्न दोन. कंडोमिनियम असेल तर घाबरण्यासारखं काही आहे का? आणि ते सोडूनही अशा इमारतीत घर घेताना तुम्ही काय बघितलंत, काय बघायला हवं होतं?

सह्यवारा
दुसरी पार्टी कायमच तयार असते :) टोकन देऊ नका. आधी सगळ्या कागदांच्या झेरॉक्स हातात, मग चहापाणी, मग टोकन. जो मालक झेरॉक्स द्यायला का कू करतो तिथून निघायचं.

खिडकीवाला
सह्यवारा +१

अप्पा_कर्वेनगर
ताई, बाबांची काळजी समजू शकतो, आमच्या पिढीला सोसायटीच माहीत. पण कंडोमिनियम काही बेकायदेशीर प्रकार नाही. सोसायटी चालते १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली आणि कंडोमिनियम चालतं १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली. पुण्यात अशा इमारती ढिगानं आहेत.
फरक मालकीत आहे. सोसायटीत कन्व्हेयन्स (मालकी हस्तांतरणाचा दस्त) झालं की जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर होते, तुम्ही सभासद, तुमच्याकडे शेअर्स आणि फ्लॅट वापरायचा हक्क. कंडोमिनियममध्ये बिल्डर किंवा मूळ मालक आधी एक घोषणापत्र रजिस्टर करतो, त्याला सगळे डिक्लरेशनच म्हणतात. मग प्रत्येक फ्लॅटचं वेगळं डीड ऑफ अपार्टमेंट होतं. फ्लॅट थेट तुमच्या मालकीचा, शिवाय जमीन, जिने, लिफ्ट, गच्ची, पाण्याच्या टाक्या या सगळ्यात तुमचा ठरावीक टक्के अविभक्त हिस्सा. हा टक्का डिक्लरेशनमध्ये फ्लॅटनिहाय लिहिलेला असतो. म्हणून शेअर सर्टिफिकेट नाही यात काहीच वावगं नाही, ते नसतंच.
पण एजंट 'फरक नसतो' म्हणाला तेही खरं नाही. फरक मतात पडतो, मेंटेनन्समध्ये पडतो, थकबाकीत पडतो. तेव्हा पहिलं काम डिक्लरेशनची पूर्ण प्रत मिळवा. पहिली चार पानं नव्हे, मागच्या सगळ्या परिशिष्टांसकट, नकाशांसकट. आणि मालकाच्या डीडमधला टक्का आणि डिक्लरेशनमधला टक्का एकच आहे ना ते जुळवून बघा.

मृद्गंध_२
अप्पा, खूप आभार. मतात फरक म्हणजे?

अप्पा_कर्वेनगर
सोसायटीत एका सभासदाला एक मत, वन आरके असो नाहीतर पेंटहाऊस. कंडोमिनियममध्ये मत टक्क्यानुसार मोजतात. ज्याचा हिस्सा मोठा त्याचं मत मोठं.

रेवती_क
आणि इथेच मी म्हणेन की बाबांचं ऐका. आमची इमारत कंडोमिनियम आहे, निम्मे फ्लॅट टू बीएचके आणि वरचे मजले मोठे मोठे फोर बीएचके. जनरल मीटिंगला आम्ही डोकी जास्त असतो पण टक्के त्यांचे जास्त भरतात. क्लबहाऊसला एसी बसवायचा ठराव आला, आम्ही बहुतेक छोट्या फ्लॅटवाल्यांनी विरोध केला, तरी पास झाला. भांडण कुणाचंच नाही, माणसं चांगली आहेत, पण आपल्या मताला तेवढी किंमत नाही हे एकदा कळलं की मीटिंगला जायचा उत्साहच जातो. टू बीएचके घेणाऱ्याने बाकीचे फ्लॅट कुठल्या साईजचे आहेत हे जरूर बघावं.

खिडकीवाला
रेवतीताई, पण मग एसीचा खर्चही टक्क्यानुसारच वाटला गेला असेल ना? त्यांना जास्त पडला असेल.

रेवती_क
हो, ते मात्र खरं. कायद्यातच आहे की सामायिक खर्च हिश्श्याप्रमाणे. आमच्याकडे मोठ्या फ्लॅटवाल्यांनी सरसकट समान मेंटेनन्स करा म्हणून बराच आग्रह धरला होता, तो टिकला नाही.

ॲड_निशिगंध
याच मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आहे, २०२५ मधला, पुण्यातल्याच एका कंडोमिनियमचा. मेंटेनन्स अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणातच घ्यायचा, मोठ्या फ्लॅटला जास्त. सोसायटीत मात्र सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखंच असतं. म्हणजे मृद्गंध, तुमच्यासारख्या टू बीएचकेवाल्यांना मेंटेनन्सच्या बाबतीत कंडोमिनियम उलट परवडतं.
आता थकबाकीचं, कारण तिथे माणसं फसतात. आधीच्या मालकानं मेंटेनन्स थकवला असेल तर या कायद्याप्रमाणे ती रक्कम त्या फ्लॅटवर बोजा म्हणून राहते, आणि फ्लॅट विकला गेल्यावर जुना मालक आणि नवीन मालक दोघेही मिळून तिला जबाबदार. पैसे भरायची वेळ आली की जुना मालक फोन उचलत नाही. यावर उपायही कायद्यातच दिलाय. खरेदीआधी असोसिएशनच्या, म्हणजे फ्लॅटमालकांच्या संघटनेच्या, मॅनेजरकडून किंवा बोर्डाकडून थकबाकीचं लेखी पत्रक मागायचा तुम्हाला हक्क आहे, आणि एकदा ते मिळालं की त्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त तुमच्याकडून वसूल करता येत नाही. तेव्हा 'नो ड्यूज आहे हो, मी बोललोय सेक्रेटरींशी' यावर जाऊ नका. सही, शिक्का, तारीख आणि आकडा असलेला कागद घ्या.

मृद्गंध_२
हे सोनं दिलंत निशिगंध. आजच मागते.

गोदाकाठ
मी नाशिकची, आमची साधी सोसायटी आहे, कंडोमिनियममधलं मला काही कळत नाही. पण फ्लॅट कुठलाही घ्या, पाण्याचं आधी विचारा. आणि मालकाला नाही, वॉचमनला विचारा. त्याला सगळं ठाऊक असतं, टँकर किती वाजता येतो, कुठल्या विंगला प्रेशर नसतं, लिफ्ट आठवड्यातून कितीदा अडकते.

सह्यवारा
गोदाताईंना अनुमोदन. बाणेर आहे म्हणजे एप्रिल-मेचं विचाराच. इमारतीच्या हिशेबात 'वॉटर टँकर' अशी वेगळी ओळ असते, मागच्या दोन-तीन वर्षांचे ताळेबंद मागा आणि ती ओळ बघा. दरवर्षी फुगत चालली असेल तर मेंटेनन्सही फुगणार. महापालिकेचं कनेक्शन आहे का, किती इंची, बोअरला पाणी आहे का आणि ते कुठवर टिकतं, हे सगळं त्या एका ओळीमागे असतं.

टिंग्या
माझे सासरे कुठलंही घर बघायला गेले की चप्पल काढायच्या आधी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडतात, मग फ्लश ओढतात, मग नमस्कार करतात. आम्हाला लाज वाटायची, आता मीही तेच करतो.

गोदाकाठ
टिंग्या :D सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, योग्य माणूस आहे.

जुई_मोगरा
मी एक फ्लॅट केवळ वास आल्यामुळे सोडला होता. नवा कोरा रंग होता, घर चकचकीत, पण कॉमन बाथरूममध्ये ओलीचा वास. छताला पीओपी केलेलं होतं. मी विचारलं पीओपी फक्त याच बाथरूममध्ये का, तर म्हणाले हौस. नंतर खालच्या मजल्यावर सहज बोलले तेव्हा कळलं की सगळ्या उभ्या रांगेतच डक्टमधल्या पाइपचं लीकेज आहे आणि कुणी कुणाचा खर्च द्यायचा यावर वाद चालू आहे.
तेव्हापासून माझी पद्धत अशी. पावसाळ्यात किंवा पावसाळा संपल्या संपल्या घर बघायचं. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर खाली, स्कर्टिंगच्या वर वीतभर, तळहात ठेवून बघायचा. तिथे रंग फुगलेला किंवा भुरभुरा असेल तर पाणी आहे. कपाटाच्या मागे बघायला सांगायचं, फोटोफ्रेम लावलेली असेल तर तीही हलवून बघायची. आणि वरच्या फ्लॅटवाल्यांना भेटायचंच, कारण त्यांचं बाथरूम म्हणजे आपलं छत.

खिडकीवाला
तळहाताची युक्ती भारी आहे.

अप्पा_कर्वेनगर
जुईताईंनी लीकेजचं काढलंच आहे तर सांगतो. वरच्याच्या बाथरूममधून खाली गळत असेल तर ते त्या दोघांचं आपसातलं, गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून गळत असेल तर सगळ्यांच्या खर्चातलं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत, म्हणजे नमुना नियमावलीत, हे बरंच स्पष्ट आहे. कंडोमिनियममध्ये तुमच्या डिक्लरेशनसोबतच्या उपविधीत काय लिहिलंय ते बघावं लागतं, आणि ते इमारतीगणिक थोडं वेगळं असू शकतं. म्हणून पुन्हा सांगतो, पूर्ण प्रत!

पार्किंगपीडित
माझं नाव बघून कळलंच असेल :) पार्किंग! पार्किंग! पार्किंग! आमच्या इथल्या एकाने फ्लॅट घेतला, ॲग्रीमेंटमध्ये 'एक कव्हर्ड पार्किंग' एवढंच. नंबर नाही, नकाशा नाही. राहायला आल्यावर कळलं की मालक जिथे गाडी लावायचा ती जागा दुसऱ्याच फ्लॅटची, तो परदेशात असल्यामुळे हे वापरत होते. आता हे गाडी रस्त्यावर लावतात.

ॲड_निशिगंध
पार्किंगबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल प्रसिद्ध आहे. स्टिल्ट पार्किंग (इमारतीखाली खांबांमधलं) म्हणजे काही फ्लॅट नव्हे, ती सामायिक जागा, बिल्डरला ती सुटी करून विकता येत नाही. उघड्या पार्किंगचंही तसंच. त्यामुळे 'पार्किंगचे वेगळे पाच लाख' असं रिसेलवाला म्हणाला तर तो नेमकं काय विकतोय ते विचारा.
कंडोमिनियममध्ये पार्किंग बहुधा 'मर्यादित सामायिक जागा' या सदरात दाखवतात. म्हणजे जमीन सगळ्यांची पण वापर ठरावीक फ्लॅटचा. अमुक फ्लॅटला तमुक नंबर असं डिक्लरेशनमध्ये आणि डीडमध्ये आलेलं असेल तर पाया पक्का. नुसतं बिल्डरच्या लेटरहेडवरचं अलॉटमेंट लेटर असेल तर तो कच्चा कागद समजा.

पार्किंगपीडित
आणि हो, स्वतःची गाडी नेऊन लावून बघा. आमची जागा दोन कॉलमच्या मधली आहे, गाडी आत जाते पण ड्रायव्हरचं दार वितीएवढंच उघडतं. बायको आधी उतरते, सामान काढते, मग मी गाडी आत घालतो आणि डिकीतून उतरल्यासारखा उतरतो.

टिंग्या
हे चित्र डोळ्यासमोर आलं :D

मेघना_श
अवांतर होतंय खरं पण त्याच सदरात गच्चीही येते. आमच्या वरच्या मजल्याच्या दोन फ्लॅटना गच्चीचा मोठा तुकडा 'मर्यादित सामायिक' म्हणून दिलेला आहे, डिक्लरेशनमध्येच. आम्ही बाकीचे सोलर पॅनेल लावायचं म्हणालो तर जागाच शिल्लक नाही. फ्लॅट घेताना 'गच्ची सगळ्यांची असतेच' असं धरून चालू नका.

सह्यवारा
मेघनाताई, हा मुद्दा फारसा कुणी सांगत नाही. आणखी एक त्याच जातीचा. प्रोजेक्ट टप्प्याटप्प्याने होणार असेल तर डिक्लरेशनमध्ये बिल्डर स्वतःकडे हक्क राखून ठेवतो, उरलेला एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण), टीडीआर (दुसरीकडून आणलेला बांधकामाचा हक्क) वापरून पुढे आणखी इमारत बांधायचा, आणि त्यानुसार सगळ्यांचे टक्के बदलायचा. ते कलम फ्लॅट घेतानाच तुम्ही मान्य केलेलं असतं. आज खिडकीतून दिसणारी मोकळी जागा कुठल्या टप्प्यात आहे ते नकाशात बघा. मृद्गंध, तुमच्याकडे बाजूला मोकळी जागा आहे का?

मृद्गंध_२
आहे. मागच्या बाजूला. एजंट म्हणाला गार्डन होणार आहे.

सह्यवारा
मंजूर नकाशात 'गार्डन' किंवा 'ओपन स्पेस' लिहिलंय का ते बघा, एजंटच्या तोंडी नको.

शंकाकुशंका
एवढं सगळं वाचून मला वाटायला लागलंय की सोसायटीच बरी. निदान रजिस्ट्रारकडे तक्रार करता येते, उपविधी एकसारखे, सगळ्यांना माहीत असलेले.

खिडकीवाला
असहमत. सोसायटीतही कन्व्हेयन्स झालंय का हे कोण विचारतं? पुण्यामुंबईत कितीतरी सोसायट्यांच्या नावावर जमीनच नाही, अजून बिल्डरच्या किंवा मूळ जमीनमालकाच्या नावावर. म्हणून तर डीम्ड कन्व्हेयन्सची, म्हणजे बिल्डरनं करून दिलं नाही तरी जमीन संस्थेच्या नावावर करून घ्यायची, तरतूद आणावी लागली. कंडोमिनियममध्ये डीड झालं की जमिनीतला हिस्सा तुमच्या कागदातच येतो, कन्व्हेयन्सची वेगळी वाट बघत बसावी लागत नाही. सोसायटी असो नाहीतर हे, माणसं कामाची आहेत का आणि कागद पूर्ण आहेत का एवढंच बघायचं.

शंकाकुशंका
जमिनीचा मुद्दा मान्य. तरीही मी सोसायटीच घेईन, मला एक माणूस एक मत हे पटतं.

अनुजा_प
मी आमच्या कंडोमिनियमच्या बोर्डावर आहे, म्हणून आतल्या बाजूने लिहिते, जरा लांबेल.
घर बघायला येणारी माणसं टाइल्स बघतात, मॉड्युलर किचन बघतात, व्ह्यू बघतात. इतक्या वर्षात कुणी जनरल मीटिंगची इतिवृत्तं मागितली असं मला आठवत नाही. आणि खरं सांगायचं तर घर कसं आहे ते टाइल्सवरून कळतं, पण तिथे राहणं कसं असेल ते इतिवृत्तावरूनच कळतं. मागच्या तीन-चार वर्षांची रजिस्टरं चाळायला मागा. एकच विषय दरवर्षी येतोय का बघा, 'लिफ्ट दुरुस्ती', 'एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया) बंद', 'बिल्डरकडून हस्तांतरण बाकी'. दरवर्षी चर्चा आणि दरवर्षी 'पुढील सभेत निर्णय घेण्याचे ठरले' असेल तर ती इमारत पैसे काढायला तयार नाही. याउलट भांडणं झालेली दिसली पण शेवटी ठराव, कोटेशन, खर्च असं सगळं लागोपाठ दिसलं तर ती चांगली इमारत. भांडण होणं वाईट नाही, अर्धवट राहणं वाईट.
मग पैसे. मेंटेनन्स कमी आहे म्हणून खूश होऊ नका, मला तर फार कमी मेंटेनन्स दिसला की काळजी वाटते. सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक) किती साठलाय, तो एफडीत आहे की रोजच्या खर्चात जातोय ते विचारा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत सिंकिंग फंडाला बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधीला ०.७५ टक्के असं सांगितलंय. कंडोमिनियमला ते जसंच्या तसं लागू नसलं तरी मापदंड म्हणून चांगलं आहे. दहा वर्षांच्या इमारतीला आता बाहेरून रंग, वॉटरप्रूफिंग, लिफ्टचे दोर, पंप हे सगळे खर्च ओळीनं येणार. निधी नसेल तर प्रत्येक फ्लॅटकडून एकरकमी वर्गणी काढावी लागते, आणि ती वर्गणी निघते तेव्हा मालक कोण असणार? तुम्ही.
तसंच किती जणांची थकबाकी आहे तेही ताळेबंदात दिसतं. चार-दोन फ्लॅट थकलेत तर चालतं, पण बरेच थकलेले असतील तर उरलेले लोक त्यांचा भार उचलत असतात.
बाकी, लिफ्टचं लायसन्स, फायर सिस्टीमची दर सहा महिन्यांची तपासणी, इन्शुरन्स यांच्या फाईल असतात. मागितल्या तर आम्ही दाखवतो. न दाखवणारं बोर्ड असेल तर तेही काहीतरी सांगून जातं.

रेवती_क
अनुजाताई, अगदी पटलं. आमच्याकडे इतिवृत्त मागणाऱ्या पहिल्या खरेदीदाराचा सत्कार करायला हवा :)

जुई_मोगरा
अनुजाताई, जीएसटीचं पण सांगा ना, आमच्याकडे अचानक बिलात आला.

अनुजा_प
जुई, महिन्याचा मेंटेनन्स दर सभासदामागे ७,५०० च्या वर असेल आणि असोसिएशनची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर असेल तर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणून सध्याचा मेंटेनन्स सात हजाराच्या आसपास असेल तर पुढच्या वाढीला तो एकदम जाणवेल हे लक्षात ठेवायचं.

भटक्या_जमात
इंटीरियरवाला म्हणून एक. मालकाने बाल्कनी आत घेतलेली असते, किचनची भिंत पाडलेली असते आणि हॉल 'प्रशस्त' म्हणून जाहिरात. मंजूर नकाशाची प्रत हातात घेऊन घरात फिरा. नकाशात भिंत आहे आणि घरात नाही, तर विचारा ती कुठे गेली. विटांची पार्टिशन असेल तर ठीक, पण बीम-कॉलमला हात लावलेला असेल तर घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. नवीन इमारतीत हल्ली काँक्रीटच्याच भिंती असतात, ॲल्युमिनियम शटरिंगवाल्या, तिथे तर एकही भिंत तोडायची नसते. खिडकी मोठी करतो म्हणणाऱ्यांना मी काम करायला नाही म्हणतो.

बेरीजवजाबाकी
पैशाचं कुणी नीट लिहिलं नाही अजून, तर. 'बजेटच्या थोडी वर' म्हणालात, त्यात हे धरलंय का बघा. पुण्यात स्टॅम्प ड्युटी एकूण ७ टक्के, व्यवहाराची किंमत आणि रेडी रेकनर (सरकारी दराने येणारी किंमत) यात जी जास्त तिच्यावर. खरेदीदार फक्त बाई असेल तर १ टक्का सूट, पण नवऱ्याचं नाव जोडीला लावलं की ती जाते. रजिस्ट्रेशन १ टक्का पण ३०,००० च्या वर नाही. रिसेलला जीएसटी नाही. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या पैशातून आधीच कापायचा आयकर) तुम्ही कापून भरायचा, विकणाऱ्याने नव्हे. विकणारा एनआरआय असेल तर मात्र हे गणितच वेगळं, दर बराच जास्त, तेव्हा आधी सीए गाठा.
बँक ७५ लाखांच्या वरच्या कर्जाला किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० पर्यंत, आणि स्टॅम्प ड्युटी त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे ती सगळी खिशातून. शिवाय बँकेचं व्हॅल्युएशन व्यवहाराच्या किमतीपेक्षा कमी आलं तर तो फरकही खिशातून.

शंकाकुशंका
बँकेनं कर्ज मंजूर केलं म्हणजे कागद स्वच्छ, असं समजायचं ना?

ॲड_निशिगंध
नाही. बँक स्वतःच्या पैशापुरतं बघते. पार्किंग, गच्ची, पुढचे टप्पे, थकबाकी यात तिला फारसा रस नसतो. स्वतःचा वकील लावा, ३० वर्षांचा सर्च (मालकीच्या नोंदींचा शोध) घ्या, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा) काढा, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी, इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, बघा. ओसी नसेल तर मी अशिलांना सरळ नाही सांगतो. आणि आधीच्या मालकाच्याही आधीच्या मालकाचे मूळ करार, सगळी साखळी, एकही कडी तुटलेली नको.

टिंग्या
रेराचं, त्या बिल्डरांवरच्या कायद्याचं, काय? पाच वर्षांची वॉरंटी असते ना?

ॲड_निशिगंध
बांधकामातल्या दोषांसाठी ताबा दिल्यापासून पाच वर्षं, बिल्डरवर. दहा वर्षांच्या इमारतीत ती मुदत संपलेली. म्हणूनच अनुजाताई म्हणतात तो निधी महत्त्वाचा.

मृद्गंध_२
मंडळी, कसे आभार मानू कळत नाही. अपडेट देते. डिक्लरेशनची पूर्ण प्रत मिळाली, मालकाने नव्हे, बोर्डाच्या एका काकांनी दिली. टक्का जुळतोय. मोकळी जागा नकाशात ओपन स्पेसच आहे, दुसरा टप्पा नाही. ओसी आहे. थकबाकीचं पत्र दोन दिवसात देतो म्हणालेत. ताळेबंदात टँकरची ओळ आहे, पण दोन वर्षांपूर्वी पालिकेचं वाढीव कनेक्शन मिळाल्यावर ती निम्म्यावर आलेली दिसतेय. बाबांनाही सोबत नेलं होतं, ते काकांशी तासभर बोलत बसले आणि येताना म्हणाले माणसं सरळ आहेत.
एकच अडकलंय. एजंटनं दाखवलेलं पार्किंग १७ नंबर, आणि डिक्लरेशनमध्ये या फ्लॅटला लिहिलंय ३१. ३१ बघून आलो, रॅम्पच्या वळणावर आहे, छोटी गाडी बसेल, आमची बसणार नाही बहुतेक.

पार्किंगपीडित
गाडी नेऊन लावून बघा!! बहुतेक वगैरे नको.

अप्पा_कर्वेनगर
ताई, १७ कुणाचा आहे ते परिशिष्टात बघा. दोघा मालकांनी आपसात अदलाबदल केलेली असेल तर ती तोंडी आहे की कागदावर, ते विचारा.

ॲड_निशिगंध
तोंडी अदलाबदल पुढच्या खरेदीदाराला बांधून राहत नाही. १७ चा मालक उद्या विकून गेला की नवा येऊन जागा मागेल आणि त्याचं बरोबर असेल. दोन रस्ते आहेत. एक, विकणाऱ्याने टोकनच्या आधी १७ च्या मालकाशी रीतसर रजिस्टर्ड कागद करून द्यावा आणि बोर्डाने तो नोंदवून घ्यावा. दोन, तुम्ही ३१ च गृहीत धरून किंमत खाली आणा. करारात नंबर ३१ आणि तोंडी १७, असं मात्र करू नका.

बेरीजवजाबाकी
दुसरा रस्ता घ्या असं मी म्हणेन. बजेटच्या वर जातंय ना, हे बोलणी करायला चांगलं कारण आहे. घर, पाणी, माणसं, कागद सगळं जमतंय, गाडीसाठी सोडू नका.

मृद्गंध_२
उद्या सकाळी गाडी घेऊन जातोय ३१ वर. मालकालाही बोलावलंय. टोकन अजून दिलेलं नाही.